दस्ता बदलण्याआधी लिव्हरचा बाक पाहा

नमस्कार. आपला प्रश्न मी दोन वेळा वाचला आणि सोबतची तीनही छायाचित्रे मोठी करून पाहिली. इतर वाचकांसाठी तो थोडक्यात पुन्हा मांडतो. माँटानातील आपल्या सासऱ्यांच्या पश्चात त्यांच्या कपाटातील एक विंचेस्टर १८९४ रायफल आपल्याकडे आली आहे. नळी अष्टकोनी, २६ इंचांची, आणि तिच्यावर .३० डब्ल्यू.सी.एफ. असा काडतुसाचा शिक्का आहे. दस्त्याला पिस्तूल ग्रिप, म्हणजे खाली वळलेली मूठ आहे, मुठीवर आणि पुढच्या लाकडावर चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेली बारीक जाळी आहे, मागच्या टोकाला पोलादी चंद्रकोरीऐवजी तपकिरी पडलेल्या कडक रबराची सपाट बटप्लेट आहे आणि वरच्या टँगच्या (चौकटीतून मागे निघून दस्त्यात बसणाऱ्या पोलादी पट्टीच्या) मागे साधारण दोन इंचांचा तडा गेलेला आहे. एका दुकानदाराने आपल्याला सांगितले की हा दस्ता या रायफलीचा नव्हेच; खऱ्या १८९४ ला सरळ मूठ आणि चंद्रकोरी बट असते, तसा दस्ता तो बसवून देईल आणि जुना तडकलेला दस्ता मजुरीत वळता करून घेईल. यातला खरा दस्ता कोणता आणि बदल करावा की नाही, असे आपण विचारले आहे.

तूर्त काहीही बदलू नका आणि तो दस्ता कोणाच्याही हवाली करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मी रायफल हातात न घेता सांगत आहे, त्यामुळे खाली जे लिहितो त्यातले काही आपल्याला स्वतः तपासून पाहावे लागेल आणि त्या तपासणीवर पुढचे ठरेल. मी गेली सत्तावीस वर्षे कनेक्टिकटमध्ये जुन्या लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली-वर करून काडतूस आत घेणाऱ्या बंदुकांची लाकडे दुरुस्त करण्याचे काम करतो. सुतारकी माझ्या वडिलांकडून आली, बंदुकीचे काम इथे येऊन शिकलो. या काळात मी जे नुकसान पाहिले त्यात गोळीबाराने झालेले थोडे आणि चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने झालेले कितीतरी जास्त होते.

आपला प्रश्न वरवर शैलीचा दिसतो: चंद्रकोरी की सपाट, सरळ की पिस्तूल ग्रिप. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. हे लाकूड आणि ही पोलादी चौकट कारखान्यातून एकत्र बाहेर पडली का, हे आधी कळले पाहिजे. शैलीवरून त्याचा निकाल लागत नाही, कारण विंचेस्टर कंपनी गिऱ्हाईक मागेल तसा दस्ता लावून देत असे. त्यामुळे ‘१८९४ ला असाच दस्ता असतो’ हे वाक्य मुळातच अपुरे आहे.

तरीही शैली कोणत्या होत्या आणि त्या तशा का होत्या हे माहीत असले, तर पुढची तपासणी समजते. म्हणून ते आधी सांगतो.

या बंदुकांचे लाकूड दोन तुकड्यांचे असते. मधे पोलादी चौकट, तिच्या मागे खांद्याला टेकायचा दस्ता आणि पुढे नळीखाली हाताने धरायचे लाकूड, ज्याला आपण फोरएंड म्हणतो. १८६० च्या हेन्री रायफलीला हा पुढचा तुकडाच नव्हता. तिच्या नळीखालच्या मॅगझिनला खालच्या बाजूने लांबलचक फट होती आणि काडतुसे मागे ढकलणाऱ्या भागाचे बाहेर आलेले बोंड त्या फटीतून सरकत येई. तिथे लाकूड बसवले असते तर बोंडाची वाटच बंद झाली असती. परिणामी तापलेली नळी उघड्या हाताने धरावी लागे आणि सरकते बोंड हाताला अडे. १८६६ च्या मॉडेलमध्ये नेल्सन किंग यांच्या रचनेने चौकटीच्या उजव्या बाजूला काडतूस भरण्याची खिडकी आली, मॅगझिनची फट गेली आणि मगच फोरएंड शक्य झाला. त्याउलट त्याच काळातल्या स्पेन्सर रायफलीत मॅगझिनच दस्त्याच्या पोटात होते, त्यामुळे बटापासून चौकटीपर्यंत लाकूड आरपार पोखरलेले असे. स्पेन्सरची मूठ तडकलेली दिसली तर मला आश्चर्य वाटत नाही, कारण तिथे मुळात लाकूडच थोडे उरते.

आता रायफल आणि कार्बाइन. विंचेस्टरच्या साध्या रायफलीला सरळ मूठ, चंद्रकोरी पोलादी बटप्लेट आणि फोरएंडच्या पुढच्या टोकाला पोलादी टोपी असे. कार्बाइन घोडेस्वारासाठी होती. तिची नळी १८६६, १८७३, १८९२ आणि १८९४ या मॉडेलांत २० इंचांची, फोरएंडला टोपीऐवजी नळीभोवतीचा पट्टा, चौकटीच्या डाव्या बाजूला खोगिराची कडी आणि बटप्लेट बरीच सौम्य बाकाची. खोगिराला बांधलेल्या चामड्याच्या म्यानातून बंदूक दिवसातून अनेकदा आत-बाहेर होणार असेल, तर चंद्रकोरीची दोन टोकदार शिंगे अडचणीचीच ठरतात, हे एकदा हातात धरल्यावर लगेच कळते. १८७६ च्या कार्बाइनला २२ इंची नळी आणि नळीच्या जवळजवळ टोकापर्यंत जाणारे पुढचे लाकूड होते. कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी ती वापरली. तिसरा प्रकार मस्केटचा: लांब नळी, लांब लाकूड, पट्टे आणि संगीन लावण्याची सोय. आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

चंद्रकोरीबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. आजचा माणूस ती खांद्याच्या खोबणीत टेकवतो, खालचे शिंग छातीत घुसते आणि तो म्हणतो की जुन्या लोकांना दस्ते करता येत नव्हते. ती खोबणीत टेकवायची नसतेच. कोपर वर उचलून, खांदा आणि दंड जिथे मिळतात तिथल्या गोलाईवर ती बसवायची. मग वरचे शिंग खांद्यावरून वर सरकू देत नाही आणि खालचे काखेच्या बाजूला राहते. उभे राहून, सावकाश नेम धरून, हलक्या धक्क्याच्या काडतुसाने मारणाऱ्याला ती पक्की बैठक देते. त्याच जोडीला या दस्त्यांचा उतार आजच्या मानाने बराच असतो, म्हणजे दस्त्याची वरची कड नळीच्या रेषेपासून चांगलीच खाली जाते, त्यामुळे मान ताठ ठेवून उघड्या साइटमधून पाहता येते. .४४-४० सारख्या काडतुसाला हे सगळे उत्तम जुळते.

गडबड झाली ती काडतुसे वाढल्यावर. १८८६ चे मॉडेल .४५-७०, .४५-९० आणि पुढे .५०-११० अशा दणदणीत काडतुसांसाठी आले, आणि त्या धक्क्याला चंद्रकोरीची दोन शिंगे म्हणजे दोन खिळे. म्हणून अनेक जाणकार शॉटगनसारखा सपाट बट मागवू लागले. थिओडोर रूझवेल्ट डाकोटात शिकारीला वापरत ती त्यांची १८७६ रायफल पिस्तूल ग्रिपची आणि शॉटगन बटाचीच होती. म्हणजे आपल्या रायफलीवर जी जोडी आहे ती १८८० च्या दशकातही पसंतीने मागवली जात होती. तिला ‘नंतरची कोणाची तरी हौस’ म्हणणे इतिहासाला धरून नाही.

पिस्तूल ग्रिपचे कारण आणखी निराळे. लिव्हर-ॲक्शनला सरळ मूठ स्वाभाविक आहे: हात लिव्हरच्या कडीत, कडी खाली-पुढे, मग वर, आणि हात जिथे होता तिथेच. मूठ सडपातळ असल्याने म्यानातही ती नीट बसते. पिस्तूल ग्रिपमध्ये मनगटाला आराम मिळतो आणि नेम धरताना पकड स्थिर होते, पण दस्ता जाड होतो आणि पैसे जास्त पडतात. विंचेस्टरने ती साध्या रायफलीवर सहसा दिली नाही. चांगल्या रेषांचे निवडक अक्रोड, चेकरिंग आणि पिस्तूल ग्रिप असा संच ज्या रायफलींवर येई, त्यांना आज संग्राहक ‘डिलक्स’ म्हणतात. मार्लिन या दुसऱ्या कंपनीनेही आपल्या १८९३ सारख्या मॉडेलांवर असे दस्ते दिले. सॅव्हेज कंपनीच्या १८९९ मॉडेलची चाल वेगळी होती, तिच्या फोरएंडचे टोक चोचीसारखे खाली वळलेले असे. तशीच चोच विंचेस्टरच्या १८९५ वरही दिसते.

आता मुद्द्याकडे येतो. पिस्तूल ग्रिप ही नुसती लाकडाची गोष्ट नाही. १८९४ च्या चौकटीतून मागे दोन पोलादी पट्ट्या निघतात, वरची टँग आणि खालची टँग, आणि दस्ता त्यांच्या मधे शिरतो. सरळ मुठीच्या रायफलीत खालची टँग सरळ असते आणि तिला चिकटून बसणारी लिव्हरही सरळ असते. पिस्तूल ग्रिपच्या रायफलीत खालची टँग ग्रिपच्या बाकाप्रमाणे खाली वाकलेली असते आणि लिव्हरही त्याच बाकाची असते. म्हणून सर्वांत आधी एवढेच करा: रायफल रिकामी आहे याची खात्री करून घ्या, म्हणजे लिव्हर पूर्ण उघडून नळीच्या मागच्या खोबणीत काडतूस नाही आणि मॅगझिनमधून पुढे काही सरकत नाही हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, मग लिव्हर बंद करून रायफल आडवी धरा आणि चापाच्या मागे लिव्हर कशी जाते ते बाजूने पाहा. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात नेमका तोच भाग सावलीत आहे. लिव्हर ग्रिपबरोबर वळत असेल, तर दुकानदाराचा सरळ दस्ता या चौकटीला बसणारच नाही. त्याला खालची टँग आणि लिव्हरही बदलावी लागेल. असे झाले तर आपल्याकडे एका मूळच्या डिलक्स रायफलीऐवजी तीन ठिकाणचे सुटे भाग जोडलेली साधी रायफल उरेल, आणि त्याच्याकडे आपले सगळे मूळ भाग.

उलट लिव्हर आणि टँग सरळ असून लाकूड तेवढे पिस्तूल ग्रिपचे असेल, तर ते कोणीतरी नंतर बसवले आहे असेच धरून चालावे लागेल. असे दस्ते मी पाहिले आहेत: ग्रिपचा बाक लिव्हरच्या खाली सुरू होतो आणि लिव्हर व ग्रिप यांच्यामध्ये एक विचित्र त्रिकोणी मोकळी जागा दिसते. ती दिसली की सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मात्र लिव्हर बाकाची आहे एवढ्यावरही मी शंभर टक्के हमी देणार नाही. १८९४ ची वरची टँग चौकटीचाच भाग आहे, पण खालची टँग वेगळी निघते, आणि पैशांसाठी खटपट करणारा माणूस ती दुसऱ्या मोडक्या रायफलीतून काढून बसवू शकतो. म्हणून पुढची पायरी दस्ता काढून आतले आकडे पाहण्याची. हे काम आपण स्वतः करावे की नाही हे आपल्याकडे योग्य स्क्रूड्रायव्हर आहे की नाही यावर अवलंबून आहे. घरातल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचे पाते पाचरीसारखे असते. ते खाचेच्या तळाशी न बसता वरच्या कडांवर जोर देते आणि सव्वाशे वर्षे जपलेली खाच एका झटक्यात फाटते. बंदुकीच्या कामाचे पाते दोन्ही बाजूंनी समांतर घासलेले असते आणि खाचेत लांबी-रुंदीने गच्च बसते. तसे नसेल तर थांबा आणि कामाच्या माणसाकडे जा. मात्र काम आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगा.

वरच्या टँगमधला एकच मोठा स्क्रू लाकडातून खाली जाऊन खालच्या टँगमध्ये फिरतो. टँगवर साइट बसवलेली असेल तर तिचे स्क्रूही आधी काढावे लागतात. स्क्रू निघाला की दस्ता सरळ मागे ओढायचा, डावीकडे-उजवीकडे हलवायचा नाही, कारण टँगच्या दोन्ही बाजूंची लाकडाची कड पातळ असते आणि पिळली की तिचा टवका उडतो. निघत नसेल तर ग्रिपच्या मागे तळहाताने हलके ठोके मारत, धीराने. आपल्या दस्त्याला आधीच तडा आहे, म्हणून ही काळजी दुप्पट घ्या.

डिलक्स आणि खास मागणीच्या रायफलींवर कारखान्यात जुळणीचा आकडा ठोकलेला असे, जेणेकरून निवडून घेतलेले, एकाच चौकटीला घासून बसवलेले लाकूड दुसऱ्या चौकटीला जाऊ नये. तो आकडा तीन ठिकाणी शोधा: खालच्या टँगच्या लाकडात लपणाऱ्या भागावर, दस्त्यात वरच्या टँगसाठी कोरलेल्या खाचेच्या लाकडावर, आणि बटप्लेटच्या आतल्या अंगाला. हा रायफलीचा क्रमांक नव्हे, त्याहून बराच लहान आकडा असतो, हे लक्षात ठेवा. नाहीतर ‘क्रमांक जुळत नाही’ म्हणून उगाच घाबराल. टँगवरच्या आकड्याजवळ लाकडाची प्रत दाखवणारी फुल्यांची खूणही कधीकधी सापडते. टँग आणि लाकूड यांचे आकडे जुळले, तर माझ्या दृष्टीने वाद जवळजवळ संपला. लाकडातला आकडा तेलाने काळवंडून नाहीसा झालेला असू शकतो, म्हणून विजेरी बाजूने तिरपी धरून पाहा. समोरून धरलेल्या उजेडात तो दिसत नाही.

आकडे पाहताना खाचेचे लाकूडही न्याहाळा. कारखान्याच्या खाचेच्या कडा धारदार असतात आणि आतले लाकूड एकसारखे जुने, गडद झालेले असते. एका भागाचा रंग उजळ दिसला, किंवा कुठे भराव, पट्टी, चिकट पदार्थ दिसला, तर तिथे नंतर हात लागला आहे.

आता न उघडता करायची एक तपासणी, जी मी प्रत्येक बंदूक हातात आल्यावर सर्वांत आधी करतो. अंगठ्याचे नख दस्त्याच्या लाकडावरून चौकटीच्या पोलादाकडे हळूच सरकवा. कारखान्याने लाकूड पोलादापेक्षा किंचित उंच ठेवलेले असे. त्यामुळे मूळ, कधीही न घासलेल्या दस्त्यावर नख लाकडावरून पोलादावर उतरते. दस्ता सँडपेपरने घासून नवा केलेला असेल, तर नख पोलादाच्या कडेला अडते आणि वर चढते. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी १८७३ ची रायफल माझ्याकडे आणली होती. लाकूड आरशासारखे चमकत होते आणि त्यांनी त्यासाठी एका कारागिराला चांगले पैसे मोजले होते. मी काही न बोलता त्यांचे बोट चौकटीच्या कडेवर ठेवले. जवळजवळ पोस्टकार्डाच्या जाडीएवढे लाकूड गेले होते, टँगच्या कडा लाकडातून वर आल्या होत्या आणि बटप्लेट लाकडाच्या बाहेर सगळीकडून उघडी पडली होती. गेलेले लाकूड परत येत नाही, आणि त्या दिवशी त्यांना सांगण्यासारखे दुसरे काहीच माझ्याकडे नव्हते.

ही नखाची तपासणी चौकटीजवळ, दोन्ही टँगच्या कडांना, फोरएंडच्या पुढच्या टोपीजवळ आणि बटप्लेटभोवती करा. चार ठिकाणी उत्तर सारखे आले तर त्यावर विसंबता येते. एकाच ठिकाणी वेगळे आले तर ती केवळ स्थानिक झीज असू शकते. चेकरिंगकडेही पाहा. जिथे तळहात घासला तिथे त्याचे टोकदार हिरे बोथट झालेले आणि कडेला तुलनेने तीक्ष्ण राहिलेले असावेत, आणि ही झीज पोलादाच्या झिजेशी मेळ खाणारी असावी. चौकटीचा निळा मुलामा हाताळून पार करडा झालेला आणि चेकरिंग मात्र कालच कोरल्यासारखे, असे असेल तर लाकूड आणि पोलाद यांचे वय एक नाही.

रबराच्या बटप्लेटचा तपकिरी रंग आपल्याला खटकला आहे, तो मला आवडला. ती गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते, मुळात काळी असते आणि वर्षानुवर्षे उजेड लागून तपकिरी होते. ती काळी करण्यासाठी बूट पॉलिश, रंग वा तेल काहीही लावू नका. काढताना स्क्रू एकदम पूर्ण न फिरवता दोन्ही थोडे थोडे सैल करा, कारण जुने रबर काचेसारखे ठिसूळ झालेले असते आणि वरचे किंवा खालचे टोक चटकन तुटते. तिच्याभोवती लाकडाची कड एकसारखी असेल आणि खालच्या बाजूचे स्क्रूचे भोक एकच असेल तर उत्तम. चंद्रकोरी दस्ता कापून सपाट केला असेल, तर दस्त्याची लांबी कमी भरते आणि जुन्या स्क्रूच्या भोकांच्या खुणा लाकडात सापडतात.

एवढे करूनही शंका राहिली, किंवा न राहिली तरी, वायोमिंगमधल्या कोडी येथील संग्रहालयाला पत्र लिहा. बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संस्थेच्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. १८९४ च्या मॉडेलच्या नोंदी सर्व क्रमांकांच्या नाहीत, ३,५३,९९९ पर्यंतच्याच आहेत, आणि आपण दिलेला क्रमांक त्याच्या कितीतरी आत आहे. फी भरून मिळणाऱ्या पत्रात नळीचा प्रकार, काडतूस, दस्त्याची वैशिष्ट्ये आणि रायफल गोदामात केव्हा आली व कारखान्यातून केव्हा गेली याच्या तारखा येतात. पत्र वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. नोंदीत दस्त्याबद्दल काहीच नसेल, तर साधारणपणे तो साधा दस्ता होता असा अर्थ घेतात. आणि एखादी रायफल नंतर कारखान्याकडे परत आली व दुरुस्त होऊन गेली असेल, तर त्याची वेगळी नोंद असते. अशा वेळी पिस्तूल ग्रिप कारखान्यानेच पण दुसऱ्या फेरीत बसवली असण्याचीही शक्यता राहते. या पत्राचा आणखी एक उपयोग आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटीक’ ठरते. आपल्या राज्याचे नियम निराळे असू शकतात, तेव्हा ते तिथेच विचारून घ्या, पण उत्पादनाची तारीख हातात असणे केव्हाही चांगले.

समजा, सगळे तपासल्यावर लाकूड मूळचे नाही असेच निघाले. तरी दुकानदाराचा सौदा मला पटत नाही. बाजारात मिळणारे नवे दस्ते बहुधा जाड ठेवलेले आणि अर्धवट कोरलेले असतात. ते चौकटीला बसवणे हे दोन-तीन दिवसांचे काम आहे, आणि बसल्यावर नवे लाकूड जुन्या पोलादाशेजारी परके दिसते. त्याच काळातला सुटा, मूळ दस्ता शोधला तर तोही दुसऱ्या चौकटीला घासून बसवलेला असल्यामुळे कुठे ना कुठे फट राहते. आपला हेतू रायफल विकण्याचा नसून सासऱ्यांची आठवण म्हणून ठेवण्याचा असेल, तर कोणीतरी पूर्वी बसवलेला, पण इतकी वर्षे तिच्याबरोबर राहिलेला हा दस्ता तसाच ठेवणे मला अधिक योग्य वाटते. हे मत आहे, नियम नव्हे. वेगळा विचार करणारे संग्राहक आहेत आणि त्यांची कारणेही ऐकण्यासारखी असतात.

आता तडा. याबद्दल आपण ओझरते लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने आपल्या रायफलीपुढचा खरा तातडीचा प्रश्न हाच आहे. धक्का बसला की चौकट मागे येते. तो जोर चौकटीच्या मागच्या सपाट कडांनी दस्त्याच्या पुढच्या तोंडावर घ्यायचा असतो, आणि टँगच्या गोल टोकामागे किंचित मोकळी जागा असावी लागते. वर्षे जातात, लाकूड सुकते, टँगचा स्क्रू ढिला पडतो, तेल मुरून पुढच्या तोंडाचे लाकूड मऊ होते, आणि हळूहळू सगळा जोर टँगच्या टोकावर येऊ लागतो. मग ती टँग लाकूड फोडणाऱ्या पाचरीसारखेच काम करते. आपला तडा नेमका टँगच्या टोकापासून मागे सरळ रेषेत गेला आहे, म्हणजे गोष्ट हीच आहे.

सुरुवातीच्या वर्षांत मी असाच एक तडा पातळ झटपट गोंद सोडून बंद केला होता आणि काम झाले असे समजलो होतो. पुढच्या शिकारीच्या हंगामानंतर ती कार्बाइन परत आली, तेव्हा तडा दीडपट लांब होता. मी जखम बुजवली होती, कारण तसेच ठेवले होते. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी दस्ता काढून खाचेतले तेल बाहेर काढायचे: खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप फक्त आतल्या लाकडावर द्यायचा, वाळला की झाडायचा, पुन्हा द्यायचा. पहिला लेप चहाच्या रंगाचा होतो, पाचवा-सहावा पांढरा राहिला की पुरे. ॲसिटोन चटकन पेट घेते, म्हणून उघड्या हवेत आणि आगीपासून लांब. त्याचा एक थेंबही बाहेरच्या मूळ पॉलिशवर पडता कामा नये, कारण तिथे तो कायमचा डाग सोडतो. मग तडा अगदी किंचित उघडून सावकाश घट्ट होणारे एपॉक्सी थोडे कोमट करून आत मुरवायचे, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळून एक दिवस ठेवायचे आणि बाहेर आलेले ओले असतानाच पुसायचे. शेवटी पुढच्या तोंडाची बैठक पूर्ववत करायची आणि टँगच्या टोकामागे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवायची. ही शेवटची पायरी सुटली तर आधीचे सगळे वाया. चांगल्या कारागिराकडे गेलात तर त्याला एवढेच विचारा की टँगच्या मागे तो काय करणार आहे. उत्तरावरून माणूस कळतो.

बाहेरून कोणी सँडपेपर लावणार नाही, नवे वार्निश चढवणार नाही, चेकरिंग पुन्हा कोरणार नाही, हे कामाला देण्याआधी कागदावर लिहून घ्या. तडा बंद झाल्यावरही एक बारीक रेष दिसत राहील. ती राहू द्या, लपवलेल्या दुरुस्तीपेक्षा दिसणारी प्रामाणिक दुरुस्ती चांगली.

तोपर्यंत या रायफलीतून एकही काडतूस उडवू नका. सासऱ्यांच्या कपाटात ती बटावर उभी होती असे आपण लिहिले आहे. तसे ठेवले की चौकटीतले तेल वर्षानुवर्षे झिरपत दस्त्याच्या तोंडात उतरते, आणि आपल्या दुसऱ्या छायाचित्रात टँगच्या कडेचे लाकूड काळे पडलेले दिसते ते त्यामुळेच. आता ती आडवी ठेवा किंवा नळी खाली करून ठेवा, आणि चौकटीत तेल घालायचे झाले तर थेंब न टाकता कापडाला लावून पुसा. लिव्हरचे बाजूने घेतलेले एक स्पष्ट छायाचित्र आणि टँगवरचा आकडा दिसत असेल तर तो, एवढे इथेच टाका. ते पाहून पुढचे सांगतो.